450 वॅटचा डबा आणि आजीचा आवाज

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी रात्री साडेदहाच्या सुमारास माझ्या टेबलाखालून 'टक्' असा आवाज आला, स्क्रीन काळी झाली आणि खोलीत एक वास पसरला. ज्यांनी हा वास एकदा घेतलाय ते तो विसरत नाहीत. जळलेलं प्लास्टिक आणि सडकी मासळी यांच्या मधलं काहीतरी. बाबा बाहेरच्या खोलीतून ओरडले, "करंट गेला का गं?" आमच्या हैदराबादेत लाइट जात नाही, करंट जातो. पण पंखा चालू होता, बाबांचा टीव्हीही चालू होता. गेला होता तो फक्त माझा कॉम्प्युटर.

आमच्या घरात त्या अख्ख्या डब्याला 'सीपीयू' म्हणतात. खरं तर सीपीयू म्हणजे आतला तळहाताएवढाही नसलेला एक चौकोन, पण बाबांना हे सांगून सांगून मी थकले. हा डबा मी 2020च्या जानेवारीत स्वतः जोडला होता. मी इंटिरियरचं काम करते. क्लायंटला घर बांधायच्या आधी घर दाखवायचं, म्हणजे रेंडर करायचं, हा त्यातला मोठा भाग. मी वापरते ते रेंडरिंगचं सॉफ्टवेअर सगळी मेहनत प्रोसेसरकडून करून घेतं. त्याचं नाव कोरोना आहे, आणि ते मी नेमकं त्या जानेवारीत शिकायला घेतलं. पुढचे दोन महिने माझी काय चेष्टा झाली असेल ते तुम्हीच ठरवा.

प्रोसेसर होता इंटेलचा आय-5 9600के. नावातला 'के' म्हणजे कंपनीनेच कुलूप न लावता दिलेला, हवा तेवढा पळवून बघा म्हणून. सगळे सहाही कोअर कामाला लागले की तो आपणहून 4.3 गिगाहर्ट्झवर धावतो. मी त्याला 5.0 वर नेलं होतं. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. रेंडरला 58 मिनिटं लागत होती तिथे 50 लागायला लागली, आणि '5.0' हा आकडा स्क्रीनवर बघायला छान वाटायचा. यातलं दुसरं कारण मोठं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्याची किंमत कुठे मोजली जात होती हे मी तेव्हा पाहिलंच नाही. प्रोसेसर पळवायचा तर त्याला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं, आणि विजेचा खर्च ढोबळमानाने वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग या हिशेबाने वाढतो. मी 1.2 व्होल्टचे 1.35 केले होते. वेग वाढला 16 टक्के आणि वीज लागायला लागली जवळजवळ दीडपट. ही जास्तीची वीज सगळी उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणून मी मोठा थोरला कूलर बसवला, नवे पंखे बसवले, थर्मल पेस्टवर दोन दिवस वाचन केलं. आणि ही सगळी वीज जिथून येते तो एसएमपीएस? दुकानदाराने कॅबिनेटबरोबर सवलतीत दिला तो घेतला. 450 वॅटचा. डब्यावर लिहिलं होतं 450, माझा हिशेब आला होता 320. म्हटलं, भरपूर झाला.

एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो. तो कुणी वाचत नाही, आणि वाचायचा असतो तोच. कॉम्प्युटरला तीन प्रकारची वीज लागते, 3.3 व्होल्ट, 5 व्होल्ट आणि 12 व्होल्ट. जुन्या काळात 5 व्होल्टला फार काम असे. आता प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे घरातली दोन्ही खाणारी तोंडं, 12 व्होल्टवरच जगतात. माझ्या डब्यावर 12 व्होल्टच्या रकान्यात लिहिलं होतं 26 अँपिअर. 12 गुणिले 26 म्हणजे 312 वॅट. बाकीचे वॅट इतर रकान्यांत वाटलेले होते, तिथे त्यांचा मला काही उपयोग नव्हता. आणि माझा 12 व्होल्टचा खर्च? प्रोसेसरचे 150, ग्राफिक्स कार्डचे 125, पंखे, हार्ड डिस्क वगैरे मिळून 25. 300 झाले. म्हणजे साडेचार वर्षं मी 312च्या ताटात 300 वाढून, वर आग्रह करत होते.

असं भरलेलं ताट नवं असताना चालून जातं. पण एसएमपीएसच्या आत कपॅसिटर असतात, छोट्या पिंपांसारखे. त्यांच्यात पातळ रसायन असतं. ते उष्णतेने हळूहळू कमी होत जातं. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. आमचं घर बरकतपुऱ्यात, वरचा मजला, माझं टेबल पश्चिमेच्या भिंतीला, डबा टेबलाखाली दिवाणाला खेटून. खालच्या जाळीत धुळीचा नमदा बसलेला. आणि बाहेर हैदराबादचा मे.

तसं त्याने आधी सांगून पाहिलं होतं. दीड महिना आधीपासून कॉम्प्युटर अधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. निळी स्क्रीन नाही, काही संदेश नाही, नुसता अंधार आणि मग सुरुवात. विंडोजच्या नोंदवहीत बघितलं तर 'कर्नल-पॉवर 41' एवढीच नोंद. तिचा अर्थ, मला नीट बंद न करताच मी बंद पडलो. म्हणजे मेलेल्याने मरणाचं कारण 'मृत्यू' असं लिहून ठेवावं तसं.

मी दोष ओव्हरक्लॉकला दिला आणि 5.0 चे 4.9 केले. दोन दिवस बरे गेले, पुन्हा तेच. खरं म्हणजे एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. नुसतं रेंडर लावून मी झोपायला गेले की रात्रभर काही होत नसे. एकीकडे रेंडर आणि दुसरीकडे क्लायंटसाठी त्रिमितीय फेरफटका उघडला, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांनी एकदम हात पुढे केला, की अंधार. ओव्हरक्लॉक डळमळीत असेल तर बहुतेक वेळा निळी स्क्रीन येते, एखादा प्रोग्राम कोसळतो, हिशेब चुकतो. काही न बोलता एकदम विझणं हे बरेचदा विजेच्या बाजूचं लक्षण असतं. एसएमपीएस मदरबोर्डला सतत एक 'सगळं ठीक आहे' असा इशारा देत असतो. 12 व्होल्टची वीज 11.4 च्या खाली घसरली की ते नियमात बसत नाही. इशारा थांबला की बोर्ड क्षणात सगळं सोडून देतो. त्याला निळी स्क्रीन काढायलाही सवड नसते.

तर तो शुक्रवार. मी आधी भिंतीतलं बटण, मग यूपीएस, मग वायर बदलून बघितली. मिक्सरची वायर चालते का बघितली, नाही बसत. मॉनिटरची बसते. काही नाही. मदरबोर्डवर एक हिरवा ठिपका कायम पेटलेला असतो, कॉम्प्युटर बंद असला तरी, तो विझलेला. मग ती पेपरक्लिपची चाचणी केली. मदरबोर्डला जाणाऱ्या 24 टोकांच्या मोठ्या जोडणीत एक हिरवी तार असते. बोर्डापासून ती जोडणी सोडवायची आणि हिरवी तार शेजारच्या काळ्या तारेशी जोडली की एसएमपीएसला वाटतं कुणीतरी बटण दाबलं. जिवंत असेल तर पंखा फिरतो. (फिरला म्हणून तो निरोगी ठरत नाही, पण निदान जिवंत आहे एवढं कळतं.) नाही फिरला.

त्याचा डबा उघडून बघावा असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर 300 व्होल्टच्या वर वीज साठलेली असू शकते, आणि वायर काढून ठेवली तरी ती लगेच जातेच असं नाही. टीव्ही दुरुस्त करणारे लोक ज्याला मान देतात त्याला आपणही द्यावा.

बाबा दारात उभे होते. "मी म्हणत होतो, ते वाढवू नको म्हणून." बाबा असं कधीच म्हणाले नव्हते. पण तेव्हा मी वाद घातला नाही, कारण त्यांचं पुढचं वाक्य होतं, "आईचं सगळं त्यातच आहे ना?"

आजीचं सगळं त्यातच होतं.

आजी 2021 साली गेली. त्याच्या आधीच्या दोन वर्षांत माझ्या दादाने आणि मी तिला फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. काही ठरवून नाही. ती दुपारी दिवाणावर पडून बोलायची, आम्ही फोन उशीजवळ ठेवायचो. 43 फायली. सुलतान बाजारात तिचं माहेर, तिथल्या वाड्यातली भांडणं. हाली रुपया आणि कलदार रुपया यांतला फरक, आणि तो न कळल्यामुळे तिच्या नागपूरच्या मामाने केलेली फजिती. 1948च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शनच्या त्या पाच दिवसांत घरातल्या बायकांनी कोठीच्या खोलीत कसे दिवस काढले ते. कैरीच्या तक्कूत मोहरी कधी घालायची. मधूनच कुकरची शिट्टी, मधूनच भाजीवाल्याची तेलुगू आरोळी, आणि तिचं त्याला तितक्याच तेलुगूत उत्तर. ज्या फोनवर हे रेकॉर्ड केलं तो दादाने एक्सचेंजमध्ये देऊन टाकला. मी फायली हार्ड डिस्कवर घेतल्या होत्या. आणि आणखी एक प्रत? करायची होती. चार वर्षं करायची होती.

"हार्ड डिस्कला काही नाही झालं बाबा," मी म्हटलं. "फक्त एसएमपीएस गेलाय. उद्या नवा आणते." त्या रात्री ते खरंच होतं.

शनिवारी सकाळी नारायणगुड्याहून मेट्रोने जेबीएसला गेले आणि तिथून ऑटोने पार्क लेनला. सिकंदराबादचं चिनॉय ट्रेड सेंटर, सगळे सीटीसी म्हणतात, हे आमच्याकडच्या कॉम्प्युटरवाल्यांचं पंढरपूर. ज्या दुकानात मी वायरी, पंखे वगैरे घेते तिथले भाई पन्नाशीचे आहेत आणि गिऱ्हाइकाशी भांडतात, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास आहे. मी जुना डबा काउंटरवर ठेवला. त्यांनी तो उचलून हाताने तोलला, नाकाशी नेला आणि बाजूला ठेवला. "इसको दफन करो अम्मा. कित्ते वाट का होना?"

मी या वेळी तक्ता वाचला. 650 वॅटचा घेतला, 12 व्होल्टच्या रकान्यात 54 अँपिअर. म्हणजे 648 वॅट, जवळजवळ सगळेच्या सगळे जिथे हवेत तिथे. त्यावर '80 प्लस गोल्ड' लिहिलं होतं. या पट्टीबद्दल आपल्याकडे गैरसमज फार. ती सांगते भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती कॉम्प्युटरला मिळते आणि किती उष्णतेत वाया जाते. गोल्ड म्हणजे 115 व्होल्टवरच्या चाचणीत निम्म्या भाराला 90 टक्के. यामुळे बिल आणि ताप कमी होतो. पण आत कपॅसिटर कुठले, शॉर्टसर्किट झालं तर डबा स्वतःला बंद करून घेतो का, हे त्या पट्टीत नसतं. त्यासाठी वॉरंटी किती वर्षांची ते बघावं, कंपनी आपल्या मालावर किती पैज लावते ते तिथे कळतं. माझ्या जुन्याची दोन वर्षं होती, याची सात. पैसे 7,200 गेले. मी कूलरवर याहून थोडेच कमी घातले होते.

भाईंनी बिल करता करता सांगितलं, "पुराने का एक बी तार नए में नक्को लगाना. समझे?" मी 'हौ' म्हटलं. समजलं होतंही.

घरी आल्यावर सगळं काढलं. आत्या नांदेडहून आलेली होती, ती दिवाणावर बसून लसूण सोलत बघत होती. नवा डबा पूर्ण मॉड्युलर होता, म्हणजे तारा डब्याला कायमच्या चिकटलेल्या नसतात, हव्या तेवढ्याच लावायच्या. जुनाही अर्धा मॉड्युलर होता. 24 टोकांची मोठी तार बदलली. प्रोसेसरची 8 टोकांची बदलली. ग्राफिक्स कार्डचीही 8 टोकांची असते आणि दोन्ही दिसायला बहिणी, पण वीज उलट बाजूंनी येते. म्हणून त्यांच्या खाचा वेगळ्या ठेवलेल्या असतात. जोर लावावा लागला तर समजावं की चुकीची आहे. तीही बदलली. राहिली हार्ड डिस्कची.

ती कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या पिंजऱ्याच्या आतून, सहा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून मी 2020 मध्ये फार सुंदर नेली होती. लॉकडाऊनमध्ये वेळच वेळ होता. ती काढायची तर पिंजरा सोडवावा लागणार, पिंजऱ्याचे दोन स्क्रू कूलरच्या मागे. साडेपाच वाजले होते, सोमवारी क्लायंटला चित्रं द्यायची होती, आणि तारेचं दुसरं टोक समोरच लोंबत होतं. सहा टोकांचं. नव्या डब्यावर सहा टोकांचीच जागा. लावून बघितलं तर 'क्लिक' करून बसलं. जोर लावावा लागला नाही. मनात आलं, ही तर नुसती हार्ड डिस्कची, हिला कितीशी वीज लागते.

आता कळतंय ते सांगते. तारेचं जे टोक हार्ड डिस्कमध्ये, ग्राफिक्स कार्डमध्ये, मदरबोर्डमध्ये जातं, ते जगभर सारखं असतं, कारण त्यासाठी नियम आहे. जे टोक एसएमपीएसमध्ये जातं त्याला कसलाही नियम नाही. कुठल्या भोकातून 12 व्होल्ट द्यायचे आणि कुठल्यातून 5, हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते, कधी कधी एकाच कंपनीचे दोन डबेही वेगळे असतात. भोकांचा आकार मात्र सगळ्यांचा तोच, कारण ते जोड बाजारातून तयार येतात. म्हणून क्लिक होतं. या बाबतीत क्लिकला काही अर्थ नाही.

मी बटण दाबलं. पंखे अर्धा फेरा फिरले आणि थांबले. पुन्हा दाबलं. काहीच नाही. मागचं बटण बंद करून, अर्धा मिनिट थांबून पुन्हा, अर्धा फेरा, थांबले.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो मदरबोर्ड गेल्याचा. दुसरा, की बोर्डाच्या आठवणीत अजून जुनं ओव्हरक्लॉक आहे. ते बटणाएवढ्या बॅटरीवर टिकून राहतं, त्यामुळे एसएमपीएस नवा आला तरी पहिल्याच सेकंदाला प्रोसेसर जुन्याच व्होल्टेजवर उठायला बघतो. नवा डबा लावताना आधी ती आठवण पुसावी, हे मी विसरले होते. पुसली. तरी तेच. मग एकेक गोष्ट सोडवत गेले. ग्राफिक्स कार्ड काढलं, तेच. रॅमची एक पट्टी काढली, तेच. हार्ड डिस्कची तार डब्यापासून उपटली आणि बटण दाबलं.

पंखे फिरले, हिरवा ठिपका पेटला, विंडोज आलं. विंडोज आणि माझं काम वेगळ्या, मदरबोर्डवरच बसणाऱ्या छोट्या डिस्कवर होतं, तिला वीज बोर्डातूनच मिळते. ती ठणठणीत.

आत्या म्हणाली, "झालं ना गं? चालू झालं!"

मी तिला काही बोलले नाही. तार हातात धरून बसले होते. मग नव्या डब्याबरोबर आलेली तार पिशवीतून काढली, पिंजरा सोडवला, दहा मिनिटंही लागली नाहीत. हार्ड डिस्कला लावली. अर्धा फेरा, थांबले. म्हणजे आता तार बरोबर होती आणि बिघाड डिस्कमध्ये होता. डिस्क हातात घेतली. वास तोच होता, शुक्रवारचा नाही, पण त्याच्या जातीचा.

त्या रात्री जेवताना बाबांना सांगितलं. ओव्हरक्लॉकमुळे नाही, एसएमपीएसमुळेही नाही, माझ्या हाताने गेली. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ताटातला भात संपवला, हात धुतला, आणि आत्याला विचारलं, "तुझ्याकडे आईचं काही रेकॉर्ड आहे का गं?" आत्याकडे लग्नाची एक कॅसेट होती. तिच्यात आजी दोन वाक्यं बोलते.

रविवारी सीटीसीतली बरीचशी दुकानं बंद असतात. सोमवारी पहिल्या मेट्रोने गेले. भाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "तार लगाए ना?" मी मान हलवली. त्यांनी एक शिवी गिळली, स्पष्ट दिसलं मला, आणि मग म्हणाले, "परेशान नक्को हो. ऊपर जाव." वरच्या मजल्यावर एका खोलीत, जिथे पंख्याच्या वाऱ्याने स्क्रू उडू नयेत म्हणून पंखा बंद ठेवतात, तिथे एक पोरगा बसतो. माझ्याहून लहान असेल. त्याने काही विचारलं नाही. डिस्कच्या पोटाचे स्क्रू काढले, हिरवी पट्टी उलटी केली, आणि मीटरची दोन टोकं वीज आत येते तिथल्या एका काळ्या दाण्यावर टेकवली. मीटर वाजलं. शेजारच्या दुसऱ्या दाण्यावर टेकवली. नाही वाजलं.

तो हसला. मग त्याने मला समजावलं, आणि हे मला पाच वर्षांच्या ओव्हरक्लॉकिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. बऱ्याच हार्ड डिस्कच्या तोंडाशी असे दोन पहारेकरी असतात, एक 5 व्होल्टच्या वाटेवर, एक 12 व्होल्टच्या. त्यांना टीव्हीएस डायोड म्हणतात. एरवी ते नुसते उभे असतात. ठरल्यापेक्षा मोठं व्होल्टेज आलं की ते स्वतः आडवे पडतात, म्हणजे ती वीज पुढे न जाऊ देता जमिनीत वळवतात, आणि जास्तच झालं तर त्यातच जळून कायमचे शॉर्ट होतात. माझ्या तारेने 5 व्होल्टच्या वाटेवर 12 पाठवले होते. पहारेकरी मेला, पण वाट अडवून मेला. शॉर्ट दिसल्यामुळे माझ्या नव्या एसएमपीएसने स्वतःला दर वेळी अर्ध्या फेऱ्यात बंद केलं. तो अर्धा फेरा म्हणजे त्याचं शहाणपण होतं. जुना 450चा असता तर त्याने बहुधा वीज ओतत ठेवली असती.

"और अंदर भी गया होगा तो?" मी विचारलं.

"तो फिर लंबा काम है मॅडम." लंबा म्हणजे काय तेही त्याने सांगितलं. दुसऱ्या सारख्याच डिस्कची हिरवी पट्टी आणून लावली तरी काम होत नाही, कारण त्या-त्या डिस्कची स्वतःची मापं पट्टीवरच्या एका चिपमध्ये लिहिलेली असतात. ती चिप उचलून नव्या पट्टीवर बसवावी लागते.

त्याने गरम हवेची नळी धरली आणि चिमट्याने तो दाणा उचलून टाकला. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. पट्टी परत बसवली, डिस्क स्वतःच्या पुरवठ्यावर लावली. मी कानाजवळ वाकले. आधी काही नाही. मग ती बारीक, चढत जाणारी घरघर, आणि शेवटी आतला काटा जागेवर आल्याचं टिकटिक. त्याच्या स्क्रीनवर माझ्या फोल्डरांची नावं आली. एकाचं नाव होतं 'आजी दुपार'.

पहारेकरी नसलेली डिस्क वापरात ठेवायची नसते, एकदा सगळं उतरवून घ्यायचं आणि तिला निवृत्त करायचं. त्याने तिथेच नव्या डिस्कवर उतरवायला लावलं. दीड तास लागला. मी खाली जाऊन भाईंना चहा पाजला. ते म्हणाले, मेरेकू नक्को, उस बच्चे कू पिलाव. दोघांनाही पाजला.

घरी येईपर्यंत मी फायली दादाला पुण्याला पाठवल्या होत्या, आत्याच्या फोनवर टाकल्या होत्या, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर बाबांच्या कपाटात, पासबुकांच्या डब्यात गेली. क्लायंटला चित्रं दोन दिवस उशिरा मिळाली. तो काही बोलला नाही, त्याचं सोफ्याचंच ठरलं नव्हतं.

कॉम्प्युटर आता 4.7 वर चालतो, 1.22 व्होल्टला. हिशेब केला तर 9 टक्के वेगासाठी 13 टक्के वीज जास्त लागते, आणि पूर्वी 50 मिनिटांत होणाऱ्या रेंडरला 53 लागतात. डबा दिवाणापासून हात भर दूर, खालची जाळी दर महिन्याला धुते. जुना एसएमपीएस ई-कचऱ्याच्या गाडीत गेला. त्याच्या तारा मात्र मी आधी कात्रीने मधोमध कापल्या, घरात दुसरं कुणी, म्हणजे मीच, त्या पुन्हा लावू नये म्हणून.

संध्याकाळी आत्याने 17 नंबरची फाईल लावायला सांगितली, तक्कूची. आजी म्हणते मोहरी फोडणीत नाही, कच्ची वाटून घालायची. आत्याने लगेच थांबवायला सांगितलं. "असं नव्हती करत ती. फोडणीतच घालायची." बाबा म्हणाले, "तिच्याच तोंडून ऐकतेयस ना?" "मग विसरली असेल सांगताना." त्यावर दोघांचं जे सुरू झालं ते रात्री जेवणापर्यंत चाललं. कैऱ्या घरात होत्याच. दोन वाट्यांत दोन प्रकारचा तक्कू झाला, आणि कुठला आजीचा ते अजून ठरलेलं नाही.